फलकावरची लोकसंख्या १,४८६ : हा आकडा नेमकं काय काय ठरवतो?

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात शिरलं की भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेला एक फलक हमखास दिसतो. गावाचं नाव, तालुका, भौगोलिक क्षेत्र इतके हेक्टर, एकूण कुटुंबं, खातेदार, हातपंप, अंगणवाड्या. आणि मधोमध 'लोकसंख्या, २०११ च्या जनगणनेनुसार' : पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, एकूण इतके. रंगाचे पोपडे निघाले तरी आकडा तोच. दाखला काढायला आलेला माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली, ती आता होते आहे. पहिल्या टप्प्यात घरं मोजायची आणि दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे फेब्रुवारी २०२७ मध्ये, माणसं. त्यामुळे पारावर पुन्हा तोच जुना प्रश्न निघतोय : एवढं मोजून आम्हाला काय मिळणार? खरं सांगायचं तर गावाला मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी याच आकड्यावर मिळतात किंवा अडतात. समजा, फलकावर १,४८६ लिहिलंय. लेखभर हेच गाव धरून चालू.

आधी हे ठरवू : 'गाव' म्हणजे कुठलं गाव?

एकाच माणसाचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव असतं, रेशनकार्डावर वेगळं आणि घरात हाक मारायला तिसरंच. सरकारदरबारी गावाचंही तसंच आहे.

पहिलं महसुली गाव. हे जमिनीचं गाव. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली याला शीव असते, नकाशा असतो, गट नंबर असतात. गंमत म्हणजे या गावाला माणसांची गरजच नसते. एकही घर नसलेली, पण सातबारे असलेली गावं आपल्याकडे आहेत. कागदावर त्यांना 'बेचिराख' म्हणतात, विदर्भात 'रिठी'. कधीतरी साथीत, दुष्काळात नाहीतर धरणात वस्ती उठली; शेतं राहिली, म्हणून गाव राहिलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ४३ हजार ६०० गावं नोंदली गेली, त्यातली अडीच हजारांहून जास्त अशी ओसाड होती.

दुसरं ग्रामपंचायतीचं गाव. हे कारभाराचं गाव. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ मध्ये गावाची व्याख्या फार सरळ आहे : राज्यपालांनी अधिसूचना काढून ज्याला गाव म्हटलं ते गाव. त्यात एक महसुली गाव असेल किंवा चार असतील. राज्यात ग्रामपंचायती साधारण २८ हजार. म्हणजे गावं जास्त आणि पंचायती कमी. मग दोन-तीन लहान गावांची मिळून जी होते तिला आपण गट ग्रामपंचायत म्हणतो.

तिसरं, लोकांच्या तोंडचं गाव : वाडी, पाडा, तांडा, वस्ती. सरकारी कागदात याला बहुतेक ठिकाणी वेगळं अस्तित्व नाही. अपवाद अनुसूचित क्षेत्रांचा, म्हणजे घटनेने वेगळे नियम दिलेल्या आदिवासीबहुल भागांचा. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने (या भागांतल्या पंचायतींसाठीचा कायदा) आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा असलेलं गाव म्हणून जाहीर होता येतं.

जनगणना यातलं पहिलं गाव धरते, महसुली. वाडीचा वेगळा आकडा ती छापत नाही. याचा त्रास कुठे होतो ते पुढे येईलच.

तलाठी कुणाचा, ग्रामसेवक कुणाचा?

वारसनोंदीसाठी माणूस ग्रामसेवकाकडे जातो, तो म्हणतो, हे माझ्याकडे नाही. घराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जातो, तोही तेच म्हणतो. दोघंही खरंच बोलत असतात. गावात दोन वेगवेगळ्या साखळ्यांची टोकं येऊन पोचलेली आहेत, एवढंच.

एक साखळी महसुलाची. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. तलाठ्याच्या हाताखाली असतो त्याला सजा म्हणतात, त्यात सहसा एकाहून जास्त गावं. सातबारा, आठ-अ, फेरफार, पीकपाहणी, दुष्काळ-गारपिटीचे पंचनामे हे सगळं इकडे.

दुसरी साखळी विकासाची. जिल्हा परिषद, पंचायत समिती, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक. घरपट्टी-पाणीपट्टी, घराची नोंद असलेला नमुना आठ, जन्म-मृत्यूची नोंद, दिवाबत्ती, गटारं, ग्रामसभेचं इतिवृत्त हे इकडे. त्यातही नमुना आठ आणि आठ-अ यांच्या नावातला गोंधळ ज्याने कुणी करून ठेवला त्याला एकदा भेटायचं आहे. पहिला घराच्या करआकारणीचा, दुसरा शेतजमिनीच्या खात्याचा. बँकेत एक मागितला की माणूस हटकून दुसरा घेऊन जातो.

अलीकडे सरकारने तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' अशी नावं दिली. पाटी बदलली, गावात हाक मात्र 'भाऊसाहेब' हीच.

या दोघांशिवाय पोलीस पाटील आणि कोतवाल आहेत. पोलीस पाटलाचं पद १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याचं, सरपंचाशी त्याचा संबंध नाही. एकूण काय, शिवार एकाकडे, गावठाण दुसऱ्याकडे, भांडणतंटा तिसऱ्याकडे. लोकसंख्येचा आकडा मुख्यतः दुसऱ्या साखळीत, म्हणजे पंचायतीच्या बाजूला, कामाला येतो.

आकडा जिन्यासारखा चालतो, उतारासारखा नाही

हे समजलं की बाकी बरंचसं आपोआप कळतं. लोकसंख्या एकेकाने वाढते, पण सरकारचे निकष पायरीपायरीने बदलतात. पायरीवर पाय पडला तर पुढचं मिळतं, चार बोटं कमी पडली तर तुम्ही खालीच.

ग्रामपंचायतीचे सदस्य किती? १,५०० पर्यंत लोकसंख्या असेल तर ७. १,५०१ ते ३,००० ला ९. मग दर दीड हजाराला दोन जागा वाढत जातात आणि ७,५०० च्या पुढे १७ वर थांबतात. आपलं १,४८६ चं गाव सातवर अडकलंय. पंधरा माणसं जास्त मोजली गेली असती तर नऊ जण बसले असते. या जागांमध्ये निम्म्या बायकांसाठी राखीव, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. सात आणि नऊ यांत दोन खुर्च्यांचाच फरक दिसतो, पण जी आळी सातात बसत नाही ती नवात बसू शकते.

सरपंचाचं मानधनही पायरीवरच. २०२४ मध्ये ते दुप्पट झालं : २,००० पर्यंत लोकसंख्या असेल तर महिना ६,००० रुपये, ८,००० पर्यंत ८,००० आणि त्यापुढे १०,०००.

आरोग्याचं बघा. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार किंवा २० हजारांमागे. आशाताई साधारण हजाराला एक. अंगणवाडी ४०० ते ८०० लोकसंख्येला एक, ८०० ते १,६०० ला दोन. म्हणजे १,४८६ च्या गावाला स्वतःचं उपकेंद्र नाही, आशाताई आहे, अंगणवाड्या दोन. गावाने कितीही अर्ज केले तरी निकषाचं गणित आधी असं लागतं.

आता वाडीचा प्रश्न. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकवस्तीला बारमाही रस्ता, असा निकष आहे. इथे मोजायची ती वस्ती, महसुली गाव नव्हे. जनगणना तर गावाचाच आकडा छापते. मग वस्तीची लोकसंख्या वेगळी काढून, सिद्ध करून द्यावी लागते. ओढ्यापलीकडची ३० घरं वर्षानुवर्षं चिखल तुडवत राहतात त्यामागे राजकारण असतं हे खरंच, पण त्या ३० घरांचा सहज दाखवता येईल असा छापील आकडाच नसतो, हेही एक कारण आहे.

माणशी किती रुपये?

ग्रामपंचायतीचा स्वतःचा गल्ला म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार असेल तर बाजारकर. लहान गावात त्यातून दिव्यांचं बिल आणि शिपायाचा पगार निघाला तरी खूप. मोठा पैसा येतो तो वित्त आयोगाचा. वित्त आयोग म्हणजे केंद्राच्या करातला वाटा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा द्यायचा हे दर पाच वर्षांनी ठरवणारी घटनात्मक समिती.

ढोबळ हिशेब करून बघू. २०२०-२१ साठी पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राच्या ग्रामीण स्थानिक संस्थांना ५,८२७ कोटी रुपये सुचवले. राज्याने त्याची वाटणी केली ती अशी : ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० पंचायत समित्यांना, १० जिल्हा परिषदांना. ग्रामपंचायतींचा वाटा ९० टक्के लोकसंख्येवर आणि १० टक्के क्षेत्रफळावर. २०११ ला राज्याची ग्रामीण लोकसंख्या होती सुमारे ६ कोटी १६ लाख. भागाकार केला की लोकसंख्येच्या बाजूने माणशी साधारण ६८० रुपये येतात.

आपल्या गावाला त्या वर्षाचे झाले दहा लाखांच्या आसपास. त्यातला निम्मा 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. पुढच्या वर्षांत हा बंधित हिस्सा ६० टक्के झाला. उरलेला 'अबंधित', तो ग्रामसभेने आराखड्यात धरलेल्या कामांवर. आयोग बदलला की प्रमाणं बदलतात, रक्कमही दरवर्षी सारखी नसते. पण माणसं मोजून पैसे देण्याची रीत चौदाव्या आयोगातही होती, पंधराव्यातही.

म्हणून मोजणीत सुटलेलं माणूस म्हणजे दरसाल काही शे रुपये. आणि एकदा सुटलं की पुढची जनगणना होईपर्यंत ते सुटलेलंच.

'अहो, पण गाव केव्हाच वाढलं. २०११ चा आकडा अजून का उगाळता?'

ही तक्रार रास्त आहे. २०११ मध्ये जन्मलेलं मूल आज कॉलेजच्या उंबऱ्याशी आलंय. पण यात ग्रामसेवकाचा आळस नाही. अनुच्छेद २४३ मध्येच लिहिलंय की पंचायतींच्या संदर्भात लोकसंख्या म्हणजे, ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत अशा शेवटच्या जनगणनेतली लोकसंख्या. ग्रामपंचायतीने मनाने घरोघर फिरून १,७३० मोजले तरी ते नियोजनाला उपयोगी, सदस्यसंख्येला नाही.

असा गोठलेला आकडा सगळ्यांना सारखाच त्रास देतो असंही नाही. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राचा ग्रामीण भाग साधारण १० टक्क्यांनी वाढला. पण त्याच काळात रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला आणि सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. म्हणजे एमआयडीसीच्या कुशीतलं गाव दुप्पट होऊन जुन्या आकड्यावर उपाशी, आणि एखादं रिकामं होत चाललेलं गाव जुन्याच आकड्यावर बऱ्यापैकी सुखात. नवा आकडा आला की या दुसऱ्या गावाचं काय होणार, हे फारसं कुणी बोलत नाही.

फेब्रुवारीत गावात असतं कोण?

माझ्या मते गावच्या आकड्याबद्दल सर्वांत कमी बोललं जाणारं हे प्रकरण आहे.

आपली जनगणना 'मूळचे कुठले' असं मोजत नाही. ती 'मोजणीच्या दिवसांत कुठे राहता' असं मोजते. २०११ ला मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी. नियम असा होता : माणूस नेहमी राहतो तिथे या काळात एक दिवस जरी असेल तरी तिथेच मोजायचा. पण पूर्ण काळ बाहेर असेल, तर सापडेल तिथे.

आता फेब्रुवारी म्हणजे काय ते बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोड गावांना विचारा. दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक 'कोयता' म्हणतात, हिशेब माणसांत नाही, कोयत्यांत होतो. गळीत हंगाम फेब्रुवारीत ऐन भरात असतो. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात पडलेली शाळकरी नातवंडं. दारांना कुलपं. प्रगणक येतो, चौकटीवर खडूने घर क्रमांक टाकतो, शेजारच्या आजीला विचारतो, "कुठे गेले?" आजी म्हणते, "कारखान्याला."

नियमाप्रमाणे ही माणसं सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी शिवारातल्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, मोजली जायला हवीत. प्रगणक तिथपर्यंत पोचला तर ती मोजली जातात, पण त्या गावच्या खात्यावर. तोवर टोळी दुसऱ्या फडावर हलली आणि कोपी कुणाच्याच यादीत आली नाही, तर कुठेच नाही.

आपल्या १,४८६ च्या गावातले १०७ कोयते त्या वेळी बाहेर होते असं धरा. म्हणजे २१४ माणसं. ती गावात असती तर फलकावर १,७०० लिहिलं असतं. सदस्य सातऐवजी नऊ. अंगणवाडी कदाचित आणखी एक. आणि वर केलेल्या ढोबळ हिशेबाने वर्षाला जवळपास १ लाख ४५ हजार रुपये. उन्हाळ्यात हीच २१४ माणसं गावी परततात, आणि टँकर लागतो तोही तेव्हाच.

यावर एक आक्षेप येतो, तो बरोबरच आहे. सहा महिने जे दुसऱ्या गावचं पाणी पितात ते तिथे मोजले तर बिघडलं कुठे? तिथल्या ग्रामपंचायतीलाही खर्च आहेच. तत्त्व म्हणून मान्य. फक्त ते पैसे कोपीपर्यंत पोचताना मला तरी दिसले नाहीत. फडावर नळ कुणी काढून दिला असेल तर तो बहुधा शेतमालकाने. मोजणी एका महिन्याची आणि स्थलांतर दरवर्षीचं, यांचा मेळ बसवायला फेब्रुवारी हा महिनाच महाराष्ट्राला अडचणीचा आहे. आपल्या हातात एवढंच की मोजणीच्या दिवसांत एखाद दिवस जरी माणूस घरी आला असेल तर तसं स्पष्ट सांगावं, लपवू नये आणि वाढवूनही सांगू नये.

कोकणात गोष्ट उलटी. तिथला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावचा, जनगणनेत मुंबईचा. घर गावात, पण कुलूपबंद. घरांच्या यादीत ते येतं, माणसांच्या यादीत नाही.

'मतदार यादीत नावं जास्त आहेत. तीच का धरत नाहीत?'

कधी कधी गावची लोकसंख्या आणि मतदार जवळजवळ सारखेच दिसतात आणि लोक हसतात. पोरंबाळं गेली कुठे? कारण सोपं आहे. यादी ताजी, लोकसंख्या २०११ ची. शिवाय पुण्यात राहणाऱ्या पोराने नाव गावच्या यादीतच ठेवलेलं असतं, आणि मेलेल्यांची नावं निघायला वेळ लागतो. मतदार यादी फक्त १८ वर्षांपुढच्यांची. रेशनकार्डाची यादी धान्यासाठी. आधारवरचा पत्ता माणूस बदलेल तेव्हा बदलतो. घरातल्या प्रत्येक जिवाला, तान्ह्या बाळापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत, एकाच काळात एकाच पद्धतीने मोजणारी नोंद जनगणनेचीच.

'खरं सांगितलं तर रेशन कापतील' ही भीती मात्र निराधार आहे. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे व्यक्तीची माहिती गोपनीय राहते, ती पुरावा म्हणून कोर्टातही चालत नाही. बाहेर येतो तो गावाचा एकत्रित आकडा.

'मग गाव जितकं मोठं तितकं चांगलं?'

एका हद्दीपर्यंत. १० हजार ते २५ हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेरचा रोजगार पुरेसा असेल तर गावाची नगरपंचायत होऊ शकते. २०१४ मध्ये तर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचं सरकारने ठरवलं. मुख्याधिकारी येतो, बांधकाम परवानगीची शिस्त येते, निधीचा मार्ग बदलतो. पण ग्रामसभा जाते. कर वाढतात. रोजगार हमीची कामं आणि ग्रामीण घरकुलं बंद होतात. म्हणून काही मोठी गावं आनंदाने नगरपंचायत मागतात, आणि काही गावांत त्याविरुद्ध बंद पाळले जातात.

लहान गावांचा हट्ट याच्या उलट दिशेचा : गटातून फुटून स्वतंत्र ग्रामपंचायत हवी. सरपंच कायम मोठ्या गावचाच होतो, कारण मतं तिकडे. पण स्वतंत्र पंचायतीलाही किमान लोकसंख्येचा निकष आडवा येतो, आदिवासी भागाला आणि तांड्यांना त्यात सवलत आहे. त्यात जनगणनेसाठी राज्यांना गावांच्या, तालुक्यांच्या सीमांचे बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उरकायला सांगितलं होतं. त्यानंतर सीमा गोठल्या. ज्यांची फाइल त्या तारखेआधी निघाली नाही त्यांची मोजणी जुन्याच गावात.

नवा आकडा लागू कधी होणार?

मोजणीचा संदर्भक्षण आहे १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. त्यानंतर जन्मलेलं बाळ या जनगणनेत नाही, आणि त्याआधी वारलेली व्यक्तीही नाही. पण त्या सकाळी फलक पुसायला रंगारी बोलावू नये. आधी देशाचे-राज्यांचे ढोबळ आकडे येतात, गावनिहाय आकडे मागाहून. ते प्रसिद्ध झाल्यावरच कायद्याच्या अर्थाने लोकसंख्या बदलते, आणि मग त्यापुढच्या निवडणुकीसाठी प्रभाग नव्याने पाडणं आणि राखीव जागांचं गणित. मधल्या काळात एखाद्या गावात निवडणूक लागली, तर ती १,४८६ वरच होईल.